दोन जकाती

लहानपणी आमच्या घरात ‘जकात’ हा शब्द दोन प्रसंगी कानावर यायचा. एकदा रमजानमध्ये आणि एकदा पौर्णिमेला.

अब्बांचा बांगड्यांचा धंदा. नृसिंहवाडीला पौर्णिमेला किती गर्दी असते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी अब्बा पहाटेच सायकलला पेटी बांधून वाडीला जायचे. दत्ताचं दर्शन घेऊन आलेल्या बायका त्यांच्यासमोर हात पुढे करायच्या. सुट्टी असली की मीही सोबत असे. संध्याकाळी उरलेला माल घेऊन आम्ही आमच्या गावी परतायचो. गावात नगरपालिका, म्हणून वेशीवर जकात नाका. सकाळी बाहेर नेलेला मालच परत येतोय हे दाखवायला सकाळची चिठ्ठी लागायची. एका वटपौर्णिमेला परतताना पावसानं गाठलं. चिठ्ठी भिजली, शाई पसरली. नाक्यावरच्या माणसानं पेटी उघडायला लावली, डझन मोजले आणि ज्या बांगड्यांची जकात पूर्वीच भरलेली होती, त्यांची पुन्हा घेतली. मोजामोजीत दीड डझन बांगड्या फुटल्या त्या वेगळ्याच. अब्बांनी पैसे दिले. वाटेत एवढंच म्हणाले, “द्यायला माझी ना नाही. पण ह्याचं पुढं काय होतं, ते तरी कुणी सांगावं.”

रमजानमध्ये हीच पेटी घरात उघडली जायची. अब्बा स्वतःच माल मोजायचे, उधारी-उसनवारी मांडायचे. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर हातात राहिली असेल, तर तिचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यायचा. त्याहून कमी असेल तर काही लागू नाही. काही वर्षी अब्बांचा हिशेब त्या मर्यादेच्या आतच राही. तेव्हा ते थोडे ओशाळत, कारण जकात द्यायला मिळणं हा मान होता. नाक्यावरच्या जकातीला मात्र अशी मर्यादा नव्हती. लखपतीचा ट्रक आणि अब्बांची सायकल एकाच दांडीपुढं उभी राहायची.

शब्द एकच. अरबीतल्या ‘जकात’चा अर्थ शुद्धी आणि वाढ. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरातून तो मराठीत आला तो वसूल, महसूल, जमा, रयत या भावंडांबरोबर. वाटेत त्याचा अर्थ बदलला. मूळ जकातीत तीन गोष्टी पक्क्या आहेत. कुणावर लागू नाही ते ठरलेलं, दर ठरलेला आणि ती कुणावर खर्च करायची ते आठ वाटेही कुराणात सांगितलेले. मराठीतल्या जकातीत वसुलीच तेवढी उरली.

वाडीचं देऊळ पाहिलंत तर त्याला उंच शिखर नाही. लोक त्याची कथा सांगतात. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथल्या पादुकांच्या कृपेनं परत आली. म्हणून बादशहानं देऊळ बांधलं आणि पलीकडची औरवाड आणि गौरवाड ही गावं देवाला इनाम दिली. मला ही कथा फार आवडते, का ते सांगायला नको. पण इनाम म्हणजे काय, हेही इतिहासात नीट पाहायला हवं. इनामात बादशहा त्या गावचा सारा घेण्याचा आपला हक्क सोडायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा. शेतकऱ्याचा सारा माफ होत नसे. तो खजिन्यात जायचा, तो देवस्थानाकडं किंवा इनामदाराकडं वळायचा. आजही एखाद्या उद्योगाला किंवा संस्थेला करसवलत जाहीर होते, तेव्हा मला औरवाड-गौरवाड आठवतात. निवडक माणसांना सूट देणं वेगळं आणि सगळ्यांचा भार हलका करणं वेगळं.

सगळ्यांचा भार हलका करणारे लोकही आपल्याकडं झाले. कवींद्राचार्य सरस्वती हा मूळचा गोदावरीकाठचा संन्यासी, काशीला स्थायिक झालेला. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर उठवावा म्हणून तो शहाजहानच्या दरबारात गेला आणि बादशहानं तो कर उठवला. त्याबद्दल देशभरच्या पंडितांनी आणि कवींनी त्याच्यावर स्तुतिपर रचना केल्या, त्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रह झाला. कर कमी केल्याबद्दल कवींनी कुणाचा सत्कार करावा, हे मला कवी म्हणून अजून नवल वाटतं. पण उठलेला कर पुन्हा बसतो. ईस्ट इंडिया कंपनीनं प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरीला यात्राकर घेतलाच. तो गेला 1840 च्या दहाव्या कायद्यानं. बादशहाची मर्जी बादशहाबरोबर संपते. कायदा करून उठवलेला कर परत बसवायचा तर पुन्हा कायदाच करावा लागतो आणि तो उघडपणे करावा लागतो. आपल्या घटनेचं 265 वं कलम हेच सांगतं: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर नाही.

कायदेमंडळात उभं राहून कर कमी करा, असं म्हणणारा आपल्या भागाशी नातं असलेला माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, पण शिक्षण कागलला आणि कोल्हापूरला. मार्च 1902 मध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचं पहिलं भाषण झालं. सरकार खूश होतं, कारण तिजोरीत शिल्लक होती. गोखल्यांनी त्याच शिलकीवर बोट ठेवलं. नुकतेच दोन मोठे दुष्काळ होऊन गेलेत, माणसं अन्नावाचून मेलीत आणि सरकारकडं पैसा उरतोय, ही भरभराट कसली? रुपयाचा भाव घसरला म्हणून कर वाढवले होते, आता भाव सावरला, मग कर का उतरत नाहीत? मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. गोखल्यांसारख्यांनी ही मागणी लावून धरली आणि तो 1903 साली दोन रुपये, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया झाला. प्राप्तिकराची मर्यादाही 1903 साली वार्षिक पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हा इंग्रजी राज्यातला निसाबच म्हणायचा.

पण हेच गोखले 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन उभे राहिले. लष्करावरचा खर्च आवरा आणि शाळेवर करा, हा त्यांचा आग्रह. ते विधेयक नामंजूर झालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली ते काम करून दाखवलं. म्हणजे सरकार मर्यादित असावं याचा अर्थ सरकारनं हात झटकावेत असा नाही. कुठं हात घालायचा आणि कुठून काढायचा, हे त्याला कळावं, एवढाच आहे.

नाक्यावरच्या जकातीचं पुढं काय झालं? महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात 1999 साली उठली. दांडी वर गेली ती कायमची. अब्बा तेव्हा थकले होते, पण मुद्दाम सायकलवर बसून ते वेशीपर्यंत जाऊन आले. महापालिकांत 2010 पासून टप्प्याटप्प्यानं जकातीऐवजी एलबीटी आला. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी 2013 साली दुकानं बंद ठेवली आणि 1 ऑगस्ट 2015 ला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा मुंबईचीही जकात संपली.

मला आनंद झाला, तो खरा. पण एक गोष्ट मनात टोचते. नाका गेला तसं नगरपालिकेचं हक्काचं उत्पन्नही गेलं. तिला आता वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहावी लागते. महापालिकांसाठी 2017 साली नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. दांडी वेशीवरून उठली, पण तिजोरीची किल्ली गावातून मुंबईला गेली. पूर्वी गटार तुंबलं तर नगरसेवकाला विचारता यायचं, ‘आमच्या जकातीचं काय केलं?’ आता तो मंत्रालयाकडं बोट दाखवतो. कर हलका हवा, तसं कर घेणारं सरकार हाकेच्या अंतरावरही हवं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेनं शिरोळ तालुका वेढला, वाडीही पाण्यात गेली. दक्षिणद्वाराच्या पर्वणीला इथं लोक पुराची वाट पाहतात, पण त्या पुरानं सगळ्यांचंच भान हरपलं. तेव्हा लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या. त्या बोटींचं पेट्रोल कुणाच्या तरी करातूनच आलं होतं. सरकार लहान असावं, पण झोपलेलं नसावं, हे त्या दिवसांत मला पटलं.

असा कर कायद्यात बसवता येतो का? येतो. महाराष्ट्राचा 1975 चा व्यवसायकर पाहा. तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून आला. घटनेच्या 276 व्या कलमानं त्याला कमाल मर्यादा घातली आहे, ती सध्या वर्षाला अडीच हजार रुपये. 2023 पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. लागू कुणाला नाही ते ठरलेलं, मर्यादा ठरलेली, हेतू सांगितलेला. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यातही यात्राकराची तरतूद आहे. देवाला भेटायला निघालेल्या माणसाला अडवून पैसे घेणं वेगळं आणि त्याच्या स्नानानंतर घाट झाडण्यासाठी चार पैसे मागणं वेगळं. झाडलेला घाट दिसला की माणूस कुरकुरत नाही.

म्हणून विधानसभेत एखाद्या कराचं विधेयक येईल, तेव्हा आपण चार प्रश्न विचारावेत. कुणाला लागू नाही? किती आणि कुठवर? कशासाठी? आणि काम झाल्यावर तो कधी उठणार? यातला तिसरा प्रश्न अब्बांचा आहे. वटपौर्णिमेच्या त्या पावसात तो त्यांनी नाका मागं पडल्यावर हळू आवाजात विचारला होता. तो नाक्यासमोर, मोठ्यानं विचारायला हवा होता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)