ओवी कुणाची, नाव कुणाचं?

आज बचतीचा विषय नाही, गाण्याचा आहे. पण त्यातही हिशेब आहेच.

मागे वेल्ह्याकडच्या एका गटाची बैठक संपल्यावर तिथल्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. कुणीतरी मोबाईलवर घेतल्या. काही दिवसांनी त्याच ओव्या, पाठीमागे संगीत जोडून, भलत्याच नावाखाली गावोगाव फिरल्या. आजी म्हणाल्या, "जाऊ दे गं, ओव्या काय माझ्या आहेत? आईनं दिल्या." सूनबाई मात्र चिडल्या, "पण आवाज तर तुमचा आहे ना, आत्याबाई!" आमच्यातही दोन तट पडले. म्हणून आम्ही थोडं मागचं धुंडाळलं.

रेडिओवर नावाचं भांडण जुनं आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी आवडत नसत. त्यात गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं म्हणून आकाशवाणीनं ते सांगणं बंद केलं. निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावलं! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

पण त्या रिकाम्या जागेत आकाशवाणीनं स्वतः गाणी तयार करून घेतली, ही चांगली गोष्ट. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथून 'गीतरामायण' लागलं. आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. सरकारी रेडिओ कलेला आधार देतो म्हणजे काय, ते तिथं दिसलं. आजही गाणं लागलं की दोघांची नावं येतात.

त्याच काळात आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पहाटे जाती फिरत होती. नाचणी, वरी दळताना एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची. भाऊ, माहेर, पंढरी, सीता, सासूचा जाच, सगळं त्यात. गदिमांची सीता रेडिओवर गेली, आपल्या आज्यांची सीता जात्यापाशीच राहिली. पुढं पिठाची गिरणी आली. आमचे हात सुटले, त्याचं दुःख आम्हाला अजिबात नाही, पण ओवीची जागा गेली.

ती टिपायला हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइत्व्हाँ यांनी सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी, मावळ, वेल्हे, भोर इथल्या बायांशी त्यांची ओळख झाली होती. गावातल्याच कार्यकर्त्यांनी ओव्या हातानं लिहून घेतल्या. पुढं हजाराहून जास्त गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. १९९० नंतर बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आम्हाला सर्वांत भावलं ते हे, की ओवीजवळ गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. "लोकगीत, पारंपरिक" एवढं म्हणून हात झटकले नाहीत.

आता कायद्याचं बघा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. तो रचणाऱ्याला हक्क देतो, त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीला रचणारी कोण सांगणार? म्हणून ती कुणीही गावी. इथं आजींचंच बरोबर. पण १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्याचाही हक्क मानला. तिच्या संमतीशिवाय गाणं मुद्रित करायचं नाही, रेडिओवर लावायचं नाही. हा हक्क आता पन्नास वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी भर पडली. गीतकार-संगीतकारांच्या वाट्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोर लावला होता, ते तुम्ही ऐकलं असेल. त्याच दुरुस्तीनं गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिला, आणि धंद्यासाठी वापर झाला तर मानधनाचाही. म्हणजे सूनबाईंचंही बरोबर! (हळदीला, वरातीला गाणी लावायला मात्र कायद्यानं सूट आहे, घाबरू नका.)

२००६ पासून आपल्यासारख्या संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. तेव्हा आता दुसऱ्याला बोलून भागणार नाही. आम्हीही पूर्वी आज्यांच्या ओव्या नुसत्या "एक ग्रामीण महिला" म्हणून लावल्या आहेत. चूक आमची.

आता ठरावाच्या वहीशेजारी आम्ही वेगळी वही ठेवली आहे. गाण्याआधी विचारायचं, कुठं लावणार ते सांगायचं, नाव-गाव लिहायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा. नको म्हणाली तर यंत्र बंद. नवी ओवी स्वतः जुळवली असेल तर तसं नोंदवायचं.

त्या आजींकडे वही घेऊन गेलो, तेव्हा सासरचं नाव लिहून झालं होतं. त्या म्हणाल्या, "माहेरचंबी लिव्ह. ओव्या तिकडच्या हायेत."