गोंदणारणीचा नकार

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, त्या काळात रसेल नावाचे साहेब आणि हिरालाल यांनी प्रांतातल्या जाती-जमातींची माहिती गोळा केली. १९१६ साली तिचे चार जाडजूड खंड निघाले. गोंड बायकांच्या गोंदणाची आणि ते गोंदणाऱ्या ओझा बायकांची नोंद त्यांत आहे. लिहिणाऱ्याचं लक्ष काय गोंदलं याकडे असतं. गोंदणारीण कशाला नाही म्हणते, ते अंगणात बसूनच कळतं.

आमच्या रामटेककडच्या गावात ती दिवाळीनंतर यायची. पावसाळ्यात कितीही बोलवा, सुई काढायची नाही. ओल्या दिवसांत जखम चिघळते, हे तिला कोण्या डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. तापलेल्या अंगालाही ती हात लावत नसे. दिव्याची काजळी आणि बिब्ब्याचं तेल खलायचं, दोन-तीन सुया दोऱ्यानं बांधायच्या, पोरीचा हात घट्ट धरायचा आणि टोचायला लागायचं. पोट्टी रडायला लागली की ही गाणं धरायची. वरून हळद. मजुरी पायलीभर धान, नाहीतर जुनं लुगडं.

तुळस, विंचू, चंद्रकोर, पाच ठिपके हे सारं तिच्या बोटांत होतं. अक्षर मात्र नाही. ज्या नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ते हातावर असावं असं कितीतरी बायांना वाटे. ही साफ सांगायची, "मले लिवता येत नाही, माय. उलटं पडलं तं कोन पुसन?"

१४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. आमच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून गेली होती. परत आल्यावर घरातले देव निघाले. पण आजीच्या उजव्या हातावरची तुळस कशी निघणार? लाकडाचा देव नदीत सोडता येतो, कातडीचं काय करायचं? आजी सांगायची, त्या वर्षी गोंदणारीण आली तेव्हा तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "हे बुजवून टाक."

गोंदणारणीनं मान हलवली. "माह्या सासूनं काहाडलेलं मी मोडत नाही. अन् त्याच जागी पुन्हा टोचलं तं नुसता काळा डाग राहीन. खाली जागा हाय, तिथं पिंपळाचं पान घे. पान मले येते."

सासूचा मान की कातडीची जाण, तिच्या मनात आधी काय होतं, सांगता येत नाही. मला वाटतं, दुसरंच असावं. सासूचं नाव पुढं केलं की वाद संपतो. आजीनं पान घेतलं. बोधिवृक्षाचं पान म्हणून ते साऱ्या वस्तीला दाखवलं. गोंदणारणीच्या लेखी ते पिंपळाचंच.

अक्षरं मागून आली, जत्रेत सेलवर चालणाऱ्या मशीनीसोबत. टिनाच्या पाटीवर नमुने रंगवलेले, त्यातला दाखवायचा आणि हात द्यायचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेली असताना आजीनं पानाखाली 'जय भीम' लिहून घेतलं. मशीनवाला कशालाच नाही म्हणत नव्हता. रांग मोठी, एकच सुई, आणि नाव चुकलं तरी पैसे तेवढेच. गोंदणारीण पुढे गावात कमी कमी येऊ लागली, मग आलीच नाही.

आता सीताबर्डीला टॅटूची दुकानं आहेत. ओळखीतला एक मुलगा तिथं बरीच वर्षं हे काम करतो. सुई दर गिऱ्हाइकाला नवी. अठराच्या आतल्या पोराला तो परत पाठवतो. मैत्रिणीचं नाव हवं असेल तर सहा महिन्यांनी ये म्हणतो. बहुतेक येत नाहीत, धंदा बुडतो, पण तो हसतो. जुन्यावर नवं काढून द्यायला तो तयार असतो, तरी आधी बोट फिरवून कातडी पाहतो.

गावाकडचा पोरगा आला की नमुन्याआधी तो एकच विचारतो, "भरतीची तयारी करतोस का?" कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, पहाटे रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात. सैन्यात कोपर ते मनगट हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागं गोंदण चालतं, बाकी अंगावर नाही. आदिवासी पोरांना मात्र रूढीच्या गोंदणासाठी सवलत आहे. दंडावर वाघ मागणाऱ्या पोराला तो हे सगळं समजावतो, चहा पाजतो आणि तसाच घरी पाठवतो.