फोर्टातला रोटीव्यवहार

मराठीत ‘रोटीव्यवहार’ हा शब्द जातींच्या संदर्भात येतो. कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे, कोणाच्या हातचे खायचे, याचे ते नियम. ‘व्यवहार’ या शब्दाचा दुसरा अर्थ पैशाचा, देण्याघेण्याचा. हे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर येण्याची प्रक्रिया मुंबईच्या फोर्ट भागात घडली आणि तिला जवळजवळ शंभर वर्षे लागली. गिऱ्हाइकाला किंवा अशिलाला दुपारी जेवायला कुठे न्यायचे, हा प्रश्न आज किरकोळ वाटतो. पण फोर्टात त्याचे उत्तर कसे बदलत गेले ते पाहिले, तर शहराच्या सामाजिक इतिहासातला एक दुर्लक्षित धागा हाती लागतो.

१८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. टाउन हॉलच्या आसपास वडाखाली जमणाऱ्या शेअर दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. पारशी, भाटिया, वाणी, बोहरी आणि इंग्रज एकमेकांच्या शब्दावर मोठमोठे सौदे करत होते. मात्र सौदा एकत्र आणि जेवण वेगळे, हा नियम पक्का होता. ज्याच्यावर लाख रुपयांचा विश्वास टाकायचा, त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडायचे नाही, यात कोणालाच विसंगती वाटत नव्हती. आदरातिथ्य पानसुपारीपाशी थांबत असे.

या अडचणीवर शहराने तीन उपाय शोधले. पहिला डब्याचा. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याची व्यवस्था सुरू केली, असे मानले जाते. तिच्या शिस्तीचे कौतुक सर्वत्र होते. तिचा सामाजिक अर्थ क्वचित सांगितला जातो. डब्यामुळे माणूस कचेरीत बसूनही आपल्याच घरी जेवत होता. गिऱ्हाइकाला मात्र डब्यावर बोलावता येत नाही.

दुसरा उपाय क्लबांचा आणि बड्या हॉटेलांचा. १८७१ मध्ये काळा घोड्याजवळ उघडलेले वॉटसन हॉटेल आणि १८७५ चा बॉम्बे जिमखाना युरोपियनांसाठी होते. १८८४ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ रिपन क्लब निघाला, तो पारशी वकील-व्यापाऱ्यांचा. तिथल्या धनसाकचे नाव आजही निघते. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. इतिहासकारांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे, तरी ती मरत नाही. टेबल नाकारले जाणे म्हणजे काय, हे या शहरात प्रत्येकाला समजत होते, हेच तिच्या चिवटपणाचे कारण असावे.

तिसरा उपाय इराण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी नाक्यानाक्यावर हॉटेले काढली. गल्ल्यावरचा इराणी हिंदूंच्या जातींच्या उतरंडीत कुठेच बसत नव्हता आणि तो राज्यकर्ताही नव्हता. ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशी पाटी लागणाऱ्या त्या काळात संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या खुर्च्या आणि पाव-मस्का ही मुंबईतली तटस्थ भूमी ठरली. धोबी तलावाची कयानी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया १९२३ ची. जहाज कंपन्यांच्या आणि गोदीच्या कचेऱ्यांच्या या पेठेत ब्रिटानिया पुढे केवळ दुपारच्या जेवणासाठी उघडी राहू लागली. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की तिथे रस्ते ओस पडत, मग गिऱ्हाईक येणार कुठून? तिथला प्रसिद्ध बेरी पुलाव मात्र १९८२ चा.

कायदा या टेबलापर्यंत उशिरा पोचला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलचा उल्लेख करावा लागला, यावरून तोवरची स्थिती ओळखावी.

त्यानंतर फोर्टात ‘लंच होम’ बहरले. कॅनरा, सिंडिकेट, कॉर्पोरेशन या बँका मूळच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या. तुळू-कोकणी मुलखातली माणसे मुंबईच्या बँकांत, कचेऱ्यांत आणि हॉटेलांत आली. घरची आमटी-भात आणि मासळी मिळावी म्हणून निघालेल्या जागा हळूहळू सर्वांच्या झाल्या. त्यांच्यातली काही पुढे वातानुकूलित झाली आणि बड्या वकिलांचे, कंपनीच्या साहेबांचे खेकडे तिथे फुटू लागले. निवडीचे निकष आता व्यावहारिक होते: कोर्टाच्या मधल्या सुटीत चालत जाऊन परत येता येईल का, शेजारच्या टेबलावर प्रतिपक्षाचा माणूस तर नसेल ना, बिल कोण देणार. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर परमिटचाही विचार आला.

१९९५ मध्ये शेअर बाजारातली आरडाओरड संपून सौदे संगणकावर गेले. २०१० मध्ये हिरे बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाला. दलाल स्ट्रीटवर प्रत्यक्ष हजर असण्याची गरज उरली नाही. धंदा उत्तरेकडे सरकला आणि फोर्टातली कितीतरी टेबले रिकामी झाली.

नव्या पेठेत जागा निवडताना यजमान एक प्रश्न हमखास विचारतो, “व्हेज चालेल ना?” प्रश्न सौजन्याचा आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे भावनाही चांगली असते. पण जुळवून कोण घेतो, ते पाहावे. मासे खाणारा निमूटपणे पनीर खातो. त्याच्यासाठी मासळीच्या जागी येऊन वरण-भात खाणारे विरळा. संविधानाने हॉटेलचे दार उघडले, आत कोणते टेबल निवडले जाते यावर त्याचा अंमल नाही. रोटीव्यवहाराचा तेवढा भाग अजून आपल्याच हातात आहे.