तुमचं मशीन कोणतं?

1978 चा फेब्रुवारी चालू आहे आणि तुम्ही शिकागोत आहात. जानेवारीतल्या हिमवादळाचे ढिगारे रस्त्याच्या कडेला काळे पडलेत. तुमच्या टेबलावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं 'सायलेंट 700' टर्मिनल आहे, ऑफिसातून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं. त्याला पडदा नाही. एक कीबोर्ड, थर्मल कागदाची गुंडाळी आणि रबराच्या दोन वाट्या, एवढंच. फोन लागला की रिसीव्हर या वाट्यांत दाबून बसवायचा.

नंबर फिरवा. एंगेज लागेल. पुन्हा फिरवा. पलीकडे लाइन एकच आहे आणि एका वेळी एकालाच आत घेतात, तेव्हा चिडू नका.

लागला! ही रिंग शहराच्या उत्तर भागात, रँडी सूस यांच्या घरात वाजते आहे. तिथे कुणी धावत येऊन फोन उचलणार नाही. रिंग ओळखून तिथलं यंत्र आपणहून जागं होईल, फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चढवेल आणि फोन घेईल. जोडणी सूस यांची, प्रोग्रॅम वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांचा. ख्रिस्टेन्सन आयबीएममध्ये नोकरीला. बर्फाने सगळ्यांना घरात कोंडलं, तेव्हा दोघांनी हे काम हातात घेतलं. त्यांच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये बुचाचा एक फलक होता. 'मीटिंगला यायचंय, गाडीत जागा हवी' अशा चिठ्ठ्या त्यावर टाचलेल्या असायच्या. तोच फलक फोनवर आणायचा, अशी मूळ कल्पना. यंत्र आपल्याच घरी ठेवायचं, हा सूस यांचा आग्रह, कारण तिथून जास्तीत जास्त लोकांना लोकल कॉल पडतो. 16 फेब्रुवारीला ते सीबीबीएस या नावाने अधिकृतपणे सुरू झालं. जगातला हा पहिला सार्वजनिक डायल-अप बुलेटिन बोर्ड.

कानात तीक्ष्ण शिट्टी घुसली ना? 2225 हर्ट्झ. रिसीव्हर वाट्यांत बसवा आणि रिटर्नचं बटण दोनतीनदा दाबा. त्यावरून बोर्ड तुमचा वेग ओळखतो. तुमचा 300 बॉड, म्हणजे सेकंदाला 30 अक्षरं. थर्मल हेड कागदावर सरसर फिरू लागतं आणि पहिल्याच काही ओळींत प्रश्न उमटतो: तुम्हाला किती 'नल' हवेत?

इथे थांबा. या प्रवासात मला तुम्हाला हा प्रश्नच दाखवायचा होता. छापणारं हेड ओळ संपल्यावर उजवीकडून डावीकडे परत जातं आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात पलीकडून अक्षरं येत राहिली, तर ती वाटेतच कुठेतरी छापली जातात आणि ओळीची सुरुवात बिघडते. म्हणून बोर्ड प्रत्येक ओळीनंतर काही कोरी अक्षरं पाठवतो आणि तुमचं हेड जागेवर पोचेपर्यंत कळ काढतो. किती पाठवायची ते तो तुम्हालाच विचारतो. कुणाकडे हळू टर्मिनल असेल, कुणाकडे पडद्याचं, हे ख्रिस्टेन्सन यांनी आधीच गृहीत धरलंय. तुम्ही आकडा देता आणि त्यानंतरची प्रत्येक ओळ सरळ समासापासून सुरू होते.

निरोप वाचा, आपला एक लिहा आणि फोन ठेवा. कुणीतरी तुमच्यामागे नंबर फिरवत बसलंय. बोर्ड प्रत्येक कॉल मोजतो; कायमचा बंद होईपर्यंत हा आकडा 2,53,301 वर गेल्याचं सांगतात.

आता बारा वर्षं पुढे या आणि पुण्यात उतरा. रात्रीचे पावणेअकरा. घरात पीसी आहे, मोडेम आहे, पण तुम्ही घड्याळाकडे बघत बसलाय, कारण अकरानंतर एसटीडीचा दर पाव होतो. बंगळुरात अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स नावाचा बोर्ड चालतो. चिटणीस जन्माने बर्लिनचे, वाढले बेळगावात. पुढे लिनक्सच्या चळवळीमुळे देशभर ओळखले गेले. इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती यायला अजून अवकाश आहे, ते 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल देणार. तोवर असे बोर्ड हीच वाट. लाइनमध्ये खरखर आली की पडद्यावर भलतीसलती चिन्हं सांडतात, जोडणी तुटते आणि मीटर मात्र पळालेलं असतं. तरी अकरा वाजले की तुम्ही फोन लावताच. आणि इथल्या बोर्डांवरही सुरुवातीला ओळखीचा प्रश्न भेटतो: पडदा रंगीत चित्रं दाखवू शकतो की साधी अक्षरं पाठवू?

चला, आज रात्रीपर्यंत येऊ.

तुमच्यासमोर कमोडोर 64 आहे, 1982 मध्ये बाजारात आलेला. 64 केबी मेमरी, जेमतेम एक मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. माळ्यावरून काढलेला असो वा कुणाकडून विकत घेतलेला, टीव्हीला जोडल्यावर निळा पडदा आला आणि 38911 बाइट मोकळे असल्याची ओळ दिसली की यंत्र शाबूत आहे. मोडेम लावण्याआधी मात्र ते बंद करा. मागच्या यूजर पोर्टात चालू मशीनवर काही खुपसलं, तर आतली चिप जळू शकते, आणि ती चिप आता सहज मिळत नाही.

हा मोडेम काडेपेटीएवढ्या पट्टीचा आहे. त्यावर ईएसपी 8266 नावाची वायफायची चिप आहे, कॉम्प्युटरपेक्षा कित्येक पटींनी वेगवान. पण कमोडोरसमोर ती 1981 च्या हेज स्मार्टमोडेमचं सोंग वठवते. तेच 'एटी'ने सुरू होणारे हुकूम, तीच उत्तरं. फरक एवढाच की 'एटीडीटी' लिहून पुढे फोन नंबराऐवजी इंटरनेटवरचा पत्ता आणि पोर्टचा आकडा द्यायचा. कमोडोरच्या बोर्डांना बहुधा 6400 लागतो. घराघरांतली तांब्याची लाइन गेली, तरी जुन्या मशीनला अजून फोनच लावता येतो, ही करामत मला मनापासून आवडते.

फ्लॉपी ड्राइव्हचा लाल दिवा लागलाय. टर्मिनल प्रोग्रॅम चढायला वेळ लागेल, लागू द्या. 1200 बॉड ठरवा. पत्ता टाइप करून रिटर्न दाबा.

'कनेक्ट'.

पलीकडे कदाचित असाच दुसरा कमोडोर आहे, कुणाच्या तरी घरातल्या टेबलावर, वर्षानुवर्षं बंद असलेला बोर्ड पुन्हा चालवणारा. कुठे त्याच्या जागी एमुलेटर असतो. पडद्यावर एकच ओळ येते: डिलीटचं बटण दाबा.

दाबा. कमोडोरचं हे बटण 20 हा कोड पाठवतं, इतर बरीच मशीनं 8 पाठवतात. तेवढ्यावरून बोर्डाला समजतं की दारात कोण आलंय. ओळखलं नसतं, तर कॅपिटलच्या जागी स्मॉल आणि स्मॉलच्या जागी कॅपिटल अक्षरं आली असती, कारण कमोडोरची अक्षरसंहिताच वेगळी आहे. आता बोर्ड तुमच्या चाळीस रकान्यांत, तुमच्याच सोळा रंगांत बोलू लागतो. पूर्ण पडदा म्हणजे हजार अक्षरं. 1200 बॉडला तो भरायला आठेक सेकंद लागतात. चित्र वरून खाली रेघेरेघेने उमटतं आणि तुम्ही ते उमटताना बघता.

याच मशीनने आजची साधी बँकेची किंवा बातम्यांची साइट उघडू म्हटलं तर? सुरक्षित जोडणीचं गणितच त्याला पेलवत नाही, साइट त्याला दारातूनच परत पाठवते. त्यामागे सुरक्षेचं खरं कारण आहे, मी ते नाकारत नाही. पण चार-पाच वर्षांपूर्वीचा फोनही जेव्हा 'अपडेट करा नाहीतर चालते व्हा' असं ऐकतो, तेव्हा मला शिकागोतल्या त्या नलच्या प्रश्नाची थोरवी कळते. पाहुण्याच्या हातातलं यंत्र हळू असेल, तर यजमानाने वेग कमी करायचा, हे पहिल्याच बोर्डाने ठरवून टाकलं होतं. बोर्ड पुन्हा उभे करणाऱ्या मंडळींनी हार्डवेअर वाचवलं, प्रोग्रॅम वाचवले, हे मोठं काम आहेच; त्याहून मोठं हे की त्यांनी ही रीत वाचवली. सूस 2019 मध्ये गेले, ख्रिस्टेन्सन 2024 मध्ये. रीत चालू आहे.

तुमच्याकडे कमोडोर नसेल तर अडून बसू नका. लॅपटॉपवर सिंकटर्म हा मोफत प्रोग्रॅम घ्या, तो कमोडोरची अक्षरंही दाखवतो. जोडणी उघडी असते, म्हणून तिथे बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड वापरू नका, वेगळा ठेवा. आणि आत गेल्यावर नुसतं वाचून बाहेर पडू नका. बोर्ड चालवणारा माणूस दिवसाअखेरी कोण येऊन गेलं ते बघतो, आणि निरोप नसले तर बोर्ड पुन्हा बंद पडायला वेळ लागत नाही. दोन ओळी लिहा, कुठल्या गावाहून आणि कुठल्या मशीनवरून आलात ते सांगा, आणि मगच फोन ठेवा.