फोटो : भिंतीवरचा आणि खिशांतला

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें गांव आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या मुलुखांत आज शेतकरी आपल्या बैलजोडीचा फोटो सहज काढतो, सासुरवाशीण लेकराचा फोटो क्षणांत माहेरीं धाडते, आणि यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. परंतु या बाजूच्या खेड्यांतील जुन्या घरांच्या भिंतींकडे पाहिलें म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानांत येते. आजोबांचा एखादा फोटो असतो. पणजोबांचा सहसा नसतो. आणि पणजीचा तर जवळ जवळ कधींच नसतो. मनुष्याचा चेहरा त्याच्या मागें उरावा ही सोय खेड्यापर्यंत पोंचावयास किती काळ लागला आणि ती कोणत्या वाटेनें आली, हें पाहण्यासारखें आहे.

फ्रान्समध्यें दागेर याची युक्ति १८३९ सालीं जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सूर्यप्रकाशानेंच चित्र उमटे. त्यानंतर पंधरा वर्षांतच, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफीची मंडळी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. एल्फिन्स्टन विद्यालयांत या विद्येचा वर्गहि निघाला, आणि तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत धंदा थाटला. पण ती विद्या मोठी जिकिरीची. कांचेवर रसायन लावावयाचें, तें ओलें आहे तोंवरच चित्र घ्यावयाचें आणि लागलींच अंधाऱ्या तंबूंत शिरून तें धुवावयाचें! असला संसार उंटाबैलांवर लादून खेड्यांत कोण आणणार?

आणला तो सरकारनें व सरकारच्या माणसांनीं. १८६८ ते १८७५ या काळांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ नांवाचे आठ खंड निघाले. त्यांत हिंदुस्थानांतील नाना जातीजमातींचीं छायाचित्रें आहेत; पण पुष्कळ चित्रांखालीं मनुष्याचें नांव नाहीं, केवळ जातीचें नांव आहे. गरीब माणसाचा फोटो प्रथम निघाला तो असा, नमुना म्हणून. त्याला त्याची प्रत मिळाली असेल असें मानण्यास मुळींच आधार नाहीं.

श्रीमंतांचा प्रकार अर्थातच वेगळा. पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामाचें राज्य यांमधील सरहद्द होती. त्या राज्याच्या राजधानींत राजा दीनदयाळ यांनीं निजामाचे छायाचित्रकार म्हणून कीर्ति मिळविली. १८९२ सालीं त्यांनीं हैदराबादेस केवळ पडदानशीन स्त्रियांकरितां निराळी चित्रशाळा उघडली आणि तिची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे सोंपविली. पडदा राहिला आणि फोटोहि निघाला. परंतु हा थाट उमरावांच्या घरचा; नदीच्या या तीरावरील कुणबिणीस अथवा तांड्यावरील बंजारा बाईस त्याचा काय उपयोग?

लोकांच्या मनांत भीतिहि होती. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीं बडोद्याच्या कलाभवनांत फोटोग्राफी शिकल्यावर गोध्र्यास फोटोचें दुकान घातलें होतें. कॅमेरा शरीरांतील शक्ति ओढून घेतो व आयुष्य खुंटतें, या समजुतीपायीं लोक तेथें बसावयास धजत ना. ही समजूत एका गोध्र्याचीच नव्हती. तिला हंसण्याचें मात्र कारण नाहीं. आपलें कांहीं तरी दुसऱ्याच्या पेटींत जातें आणि त्यावर आपली सत्ता राहत नाहीं, हें त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना कळलें होतें.

पेटी स्वस्त झाली ती अमेरिकेंत. जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं कोडॅक कॅमेरा विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म भरलेलीच येई, आणि ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे परत धाडावयाचा. १९०० सालीं त्याचाच ‘ब्राउनी’ कॅमेरा एका डॉलरला मिळूं लागला. हिंदुस्थानांतील मध्यमवर्गाच्या हातीं खरा कॅमेरा आला तो स्वातंत्र्यानंतर. बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. एका रोळांत बारा फोटो. उटकमंडास १९६० सालीं स्थापन झालेला सरकारी कारखाना पुढें ‘इंदु’ या नांवानें फिल्म व कागद पुरवूं लागला. तो आतां बंद पडला आहे. बारा फोटो म्हणजे बारा निर्णय. पुढें छत्तीस फोटोंचे रोळ आले तरी लग्नांतला फोटोवाला हिशेबानेंच खटका दाबी. रोळ संपला आणि वऱ्हाडी मंडळी तर पुढें येऊन उभी राहिली, तर तो नुसताच दिवा चमकावून त्यांचें समाधान करी, असें कौतुकानें सांगतात. पुढें फोटो मागावयास गेल्यावर तो काय सांगत असेल तें त्याचें त्यालाच ठाऊक!

खेड्यांतील माणसाचा फोटो मात्र तालुक्याच्या स्टुडिओंतच निघे. त्यासाठीं पुसद किंवा उमरखेडसारख्या बाजारगांवीं जावें लागे. तेथें मागें रंगविलेला पडदा, त्यावर बाग किंवा जिना, पुढें एक खुर्ची आणि कागदी फुलांचा गुच्छ. आरशाजवळ फणी व पावडरीचा डबा असे, आणि कांहीं ठिकाणीं गिऱ्हाइकासाठीं कोटहि टांगलेला असे. हातावर घड्याळ असल्यास तें दिसावें म्हणून हात गुडघ्यावर ठेवावयाचा. “हलूं नका” म्हटलें कीं श्वास रोखावयाचा. त्या काळच्या फोटोंत कोणी हंसत नाहीं याचें नवल करतात; पण जो मनुष्य आयुष्यांत एकदां किंवा दोनदां फोटोला बसतो तो हंसणार कसा? तो आपल्या नातवंडांपुढें बसलेला असतो.

कित्येकांचा हा योग मरणानंतरच येई. घरांतलें वडील माणूस गेलें म्हणजे फोटोवाल्यास तांतडीनें बोलावणें जाई. प्रेतास बसतें करून किंवा निजवून त्याच्या भोंवतीं मुलेंबाळें बसत आणि तो एकुलता एक फोटो निघे. आज तें पाहवत नाहीं. पण त्या घराला दुसरा उपाय नव्हता. बायकांची स्थिति याहून कठीण. लग्नाच्या किंवा यात्रेच्या समूहचित्रांत मागल्या रांगेंत डोक्यावर पदर घेतलेला एखादा नखाएवढा चेहरा असे. बाई वारल्यावर मुलगा तो फोटो घेऊन स्टुडिओंत जाई आणि “एवढी आई मोठी करून द्या” म्हणे. फोटोवाला तेवढाच चेहरा वाढवी, पेन्सिलीनें डोळे कोरी, कुंकू तांबड्या रंगानें भरी. तें चित्र आईसारखें दिसे कीं नाहीं हें सांगणारे हळूहळू उरत नसत. मग तीच आई.

पुढें पुन्हां सरकारच आलें. १९९३ सालापासून निवडणूक आयोगानें मतदारांस फोटोचीं ओळखपत्रें देण्यास प्रारंभ केला. खेड्यांतील असंख्य वृद्ध स्त्रियांचा एकटीचा असा पहिला फोटो तोच. आधारची पहिली पत्रें २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिलीं गेलीं. त्या ओळखपत्रांवरचा फोटो अंधुक आणि घाबरलेला. तरी पुष्कळ घरांत हार घातलेल्या चौकटींत आज तोच आहे. ज्या घरच्या कर्त्या शेतकऱ्यानें कर्जापायीं जीव दिला, अशा घरांची यवतमाळ जिल्ह्यांत वाण नाहीं. बातमीदार दारीं आला कीं विधवा भिंतीवरची चौकट उतरून हातांत धरते आणि तिचा फोटो निघतो. त्या चौकटींतला फोटोहि अनेकदां अशाच एखाद्या कार्डावरून मोठा केलेला असतो.

फिल्मचा अंत ज्या यंत्रानें केला तें कोडॅकच्याच कारखान्यांत १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन यानें जुळविलें. एक चित्र कॅसेटवर उतरवावयास त्यास २३ सेकंद लागत, आणि चित्राचे ठिपके अवघे दहा हजार. जपानांत १९९९ व २००० सालीं कॅमेऱ्याचे फोन विक्रीस आले. कोडॅक कंपनीनें जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. हिंदुस्थानांत २०१६ च्या सप्टेंबरानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि फोटो काढणें व धाडणें हीं दोन्ही कामें जवळ जवळ फुकट झालीं. बारा निर्णयांची गरज संपली. माणसें हंसूं लागलीं, स्वयंपाक करतांना, निंदण करतांना, गाडीवर बसून फोटो काढूं लागलीं. स्त्रियांनीं आपले फोटो आपल्याच हातानें काढले. पडद्याआड कोणी परकी बाई उभी करण्याचें कारण उरलें नाहीं. हा लाभ लहान नव्हे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनीं तो विसरूं नये.

मात्र त्याच फोनकडून सरकारहि आतां फोटो मागतें. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून पिकाचा फोटो काढावा, मग सातबाऱ्यावर नोंद व्हावी. ज्याच्या शेतांत फोनला रेंज नाहीं किंवा ज्याला तें यंत्र हाताळतां येत नाहीं, त्याचें उभें पीकहि कागदावर उगवत नाहीं, आणि नुकसानभरपाईच्या वेळीं त्याची पंचाईत होते. रोजगार हमीच्या मजुरांची फोटोनें हजेरी १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची झाली. पुढें २०२५ सालीं केंद्र सरकारलाच लिहावें लागलें, कीं कांहीं ठिकाणीं माणसांऐवजीं फोटोचाच फोटो चढविला जात आहे!

आणि एवढे फोटो असून भिंत रिकामीच राहिली. हजारों चित्रें फोनच्या पोटांत. फोन पाण्यांत पडला, चोरीस गेला, किंवा जागा भरली म्हणून कोणी पुसून टाकलीं, कीं सारींच गेलीं. पत्र्याच्या पेटींत पडलेली चाळीस वर्षांपूर्वींची निगेटिव्ह अजून उजेडापुढें धरून ओळखतां येते. धन्याच्या मरणानंतर कुलूपबंद फोन मुलालाहि उघडत नाहीं.

म्हणून घरीं कोणी वारलें म्हणजे आजहि धांव बाजारगांवच्या दुकानाकडेच असते. मुलगा फोनमधील लग्नाचा किंवा जत्रेचा घोळक्याचा फोटो दाखवितो आणि तेवढा बाप काढून द्या म्हणतो. दुकानदार संगणकावर शेजारच्यांस कापतो, मागें निळें आकाश घालतो आणि तासाभरांत चौकट तयार होते. घाईंत कधीं कधीं खांद्यावर ठेवलेला दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहून जातो. कोणाचा तो हात, हें घरचीं माणसें ओळखतात. म्हणून तो पुसावयास कोणी सांगत नाहीं.