स्पोर्ट्स कारचे इंजिन गरम करणे

स्पोर्ट्स कारचे इंजिन गरम करणे म्हणजे थंड अवस्थेत सुरू केलेले इंजिन, त्यातील तेल व धातूचे भाग कार्यकारी तापमानाला पोहोचेपर्यंत कमी भाराखाली आणि मर्यादित फेऱ्यांवर चालवण्याची पद्धत होय. ही काळजी सर्वच मोटारगाड्यांना लागू पडते. तथापि अधिक फेऱ्यांवर चालणाऱ्या व अधिक शक्ती देणाऱ्या इंजिनांत तिचे महत्त्व विशेष असते.

कारणे

इंजिनातील तेल थंड असताना दाट असते. ५डब्ल्यू-४० या श्रेणीचे तेल ४० अंश सेल्सियसला १०० अंशांच्या तुलनेत साधारणतः सहापट दाट असते. त्याहून कमी तापमानाला हा फरक आणखी वाढतो. दाट तेल अरुंद मार्गांतून सावकाश वाहते. अशा वेळी तेलाचा दाब वाढून पंपाची दाबनियंत्रक झडप उघडते व काही तेल बेअरिंगांपर्यंत न जाता परत फिरते. त्यामुळे थंड इंजिनात दाबमापक जास्त दाब दाखवत असला, तरी वंगण पुरेसे होत आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरे कारण धातूंच्या प्रसरणाचे आहे. ॲल्युमिनियम हे बीड लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ॲल्युमिनियमचे पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये काहीसे सैल बसतात व गरम झाल्यावरच त्यांच्यातील फट अपेक्षित मापाची होते. घडीव पिस्टन असलेल्या काही इंजिनांत सुरुवातीला ऐकू येणारा ठोक्यांचा आवाज यामुळेच येतो.

याशिवाय थंड इंजिनाला अधिक पेट्रोल पुरवले जाते. त्यातील वाफ न झालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि तेलात मिसळून ते पातळ करते.

शीतक आणि तेल यांतील फरक

बहुतेक गाड्यांतील तापमानदर्शक काटा शीतकाचे तापमान दाखवतो. शीतक काही मिनिटांतच सुमारे ९० अंशांपर्यंत तापते. तेलाला मात्र बराच अधिक वेळ लागतो. म्हणून शीतकाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार झाले, हा समज चुकीचा ठरतो.

इ.स. २००० ते २००६ या काळात निर्माण झालेल्या बीएमडब्ल्यू एम३ (ई४६) या गाडीत तेलाच्या तापमानाचा स्वतंत्र मापक होता. तिच्या फेरेमापकावर दिव्यांची मालिकाही होती. इंजिन थंड असताना वरच्या फेऱ्यांच्या पट्ट्यातील दिवे पेटलेले राहत आणि तेल तापेल तसे एकेक करून विझत. चालकाला त्या क्षणी फेऱ्यांची किती मर्यादा पाळावी, हे त्यावरून कळे.

पद्धत

आधुनिक इंधन-अंतःक्षेपण इंजिन उभ्या गाडीत दीर्घकाळ सुरू ठेवणे योग्य मानले जात नाही. भार नसल्याने ते सावकाश तापते व पेट्रोलमिश्रित अवस्था लांबते. शिवाय उत्प्रेरक परिवर्तक थंड असल्याने प्रदूषणही अधिक होते. जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमांनुसार इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई आहे.

त्यामुळे इंजिन सुरू करून तेलाचा दाब स्थिरावताच गाडी सौम्यपणे चालवण्यास आरंभ करतात. तेल तापेपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणे, तसेच अगदी कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये इंजिनावर ताण देणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या जातात. या काळात गिअरपेटीतील तेल व टायरही तापतात. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत वेगवान प्रवासानंतर अखेरची काही मिनिटे सावकाश चालवून टर्बोचार्जर निवू देतात.

शर्यतीची इंजिने

फॉर्म्युला वनच्या इंजिनांतील भागांमधील फटी अत्यंत कमी असतात. त्यामुळे ही इंजिने थंड अवस्थेत सुरू केली जात नाहीत. बाहेरील यंत्रणेद्वारे गरम केलेले द्रव त्यांतून आधी फिरवले जातात आणि त्यानंतरच इंजिन सुरू केले जाते.