नित्यनेमातून घडणारी ख्रिस्तभक्ती

पंचवटीचा दिवस रामकुंडावरील स्नानाने आणि काळाराम मंदिरातील काकडआरतीने उजाडतो. गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. दोन्ही तीरांवरचे धर्म निराळे असले, तरी भक्ती रोजच्या आचरणातून मुरते, ही समजूत मात्र एकच आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने आपला नित्यनेम घडविताना या मातीतील भजन-कीर्तनाची रीत स्वीकारली आणि विटाळाची रीत टाकून दिली.

वाचन

या नित्यनेमाचा पहिला भाग म्हणजे बायबलचे वाचन. मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे छापला गेला. पुढे पंडिता रमाबाईंनी अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच वाटेवरचे. रोज एखादाच उतारा वाचावा, त्यावर थोडे मनन करावे आणि त्यातील एक गोष्ट दिवसभरात आचरणात आणावी, अशी ही पद्धत आहे.

भजन व प्रार्थना

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे काही शिक्षण नाशिकमध्ये झाले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली. पाठ झालेले भजन दळताना, चालताना, काम करताना ओठांवर येते आणि प्रार्थनेसाठी वेगळी सवड काढावी लागत नाही. अनेक घरांत रात्रीच्या जेवणाच्या सुमारास कुटुंब एकत्र बसून प्रार्थना करते. कॅथलिक घरांत जपमाळेची प्रार्थना होते.

पंगत

सर्वांत अवघड सवय मात्र स्वयंपाकघरातील होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरातील माणसे त्यापायी जेरीस येत. पतीने धर्मांतर केल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला आहे, हे मनोमन पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा निर्धार केला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पालट त्याआधीच पाण्याच्या पेल्यापाशी झाला होता. हा सारा प्रवास 'स्मृतिचित्रे'त नोंदलेला आहे. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी चारच वर्षे, २ मार्च १९३० रोजी, पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता. शिवाशिवीचा प्रश्न तेव्हा किती जिवंत होता, हे यावरून ध्यानात यावे.

सवय कशी लागते?

वेळ व जागा ठरलेली असावी. आरंभ दहा मिनिटांपासून करावा. एखादा दिवस चुकला तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. रविवारच्या उपासनेमुळे एकट्याच्या नेमाला मंडळीचा आधार मिळतो, तर ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नव्या सवयीस आरंभ करण्यास सोयीचा ठरतो. या काळात उपवासाबरोबर प्रार्थना आणि दानधर्मही अपेक्षित असतो.

नेम पाळला म्हणजे भक्ती झाली, असे मात्र नव्हे. सोवळे हाही एक कडक नेमच होता, पण तो माणसाला माणसापासून दूर ठेवी. वाचन आणि प्रार्थना यांनी शेजाऱ्यासाठी दार उघडते की बंद होते, हीच या नित्यनेमाची कसोटी आहे. लक्ष्मीबाईंनी ती आपल्या स्वयंपाकघरातच लावून पाहिली होती.